न्हाणीचा पैरा

बायकोने मागणी करावी ती दागिन्यांची, लुगड्यांची, फार तर वेगळ्या बिऱ्हाडाची. माझ्या बायकोने न्हाणी मागितली. चार भिंती, वर छप्पर आणि आतून लावता येईल असं दार, बस्स. ती मागणी ऐकून मी मनातल्या मनात हसलो होतो. ‘हात्तिच्या, यात काय आहे!’ असं चारचौघांत बोलूनही गेलो होतो. त्या वाक्याची आठवण पुढे कुंभारवाड्यातल्या प्रत्येक माणसाने मला एकदा तरी करून दिली, आणि काहींनी तर येताजाता.

दिल्लीला बादशहाचा दरबार भरला त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. मी तेव्हा कुंभारवाड्याच्या शाळेवर मास्तर होतो. शाळा म्हणजे एक खोली, एक फळा, बादशहाची तसबीर आणि मी. यांपैकी तसबिरीला लोक जास्त मान देत, कारण ती बोलत नसे. गाव म्हणायचं तर दोन-चार घरं या डोंगराच्या कुशीत, चार-सहा त्या ओढ्यापलीकडे आणि मधे सगळं जंगल. मी खानापूरचा. आमचं तिथे धान्याचं दुकान. तराजूत घालून जे मोजता येतं ते सगळं मला कळतं, असा माझा समज होता.

माझी बायको अनुसया नंदगडची. तिच्या वडिलांची, पुंडलिकरावांची, भातशेती मोठी. घरात दगडी न्हाणी, तीत तांब्याचा हंडा, हंड्याखाली सदा धगधगता चुला. अशा घरची मुलगी आदल्या साली माझ्याकडे नांदायला आली आणि गाडीतून उतरल्या उतरल्या तिने विचारलं, “न्हाणी कुठं हाय?” मी हात लांब करून परसाकडे, म्हणजे एकंदर जंगलाकडे, दाखवलं.

गावच्या बायका ओढ्यावर लुगड्यासकट अंघोळ करत. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. अनुसयेने चार काठ्या रोवून भोवती कांबळं बांधलं आणि उजाडायच्या आत अंघोळ उरकायला सुरुवात केली. एका पहाटे तिने पहिला तांब्या अंगावर घेतला तोच कांबळ्याच्या वरून कुणीतरी मोठा सुस्कारा टाकला. तिने वर पाहिलं तर गवा. चांगला वाढलेला, पाय पांढरे, बाकी सगळा काळा. गव्याने काही केलं नाही. त्याने पाहिलं आणि तो निघून गेला. त्याच आठवड्यात अनुसयाही निघून गेली.

पुढे नंदगडच्या एका व्यापाऱ्याच्या तोंडी निरोप आला. न्हाणी बांधली तर ती तुळशीच्या लग्नानंतर येईल. त्याला सासऱ्यांनी आपलं शेपूट जोडलं होतं, ‘संक्रांतीपर्यंत बघू. पोरीचा जीव रमला तर बरं, न्हाईतर मी गाडी घिऊन येतो आणि तिला कायमची नेतो.’

तो ‘कायमची’ शब्द मला हसण्यावारी नेता आला नाही. मी एकटाच भात शिजवत होतो, एकटाच खात होतो आणि भात करपलाय असं तोंडावर सांगणारंही घरात कुणी नव्हतं. संध्याकाळी शेजारच्या परशूच्या घरातून त्याचं आणि त्याच्या बायकोचं, गिरजेचं, भांडण ऐकू आलं की मला हेवा वाटायचा. मला अनुसया हवी होती. हे आधीच सरळ सांगून टाकतो, कारण पुढे मी जे काही केलं ते पाहून लोकांनी वेगवेगळे तर्क केले.

न्हाणी बांधायची असं ठरलं रे ठरलं, आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. गावातला जाणता माणूस म्हणजे लाडू गावकार. त्याच्या शब्दावाचून गावात खुंट रोवला जात नसे. तो माझ्या परसात आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, “मास्तर, पाण्याला घर कशापायी?”

“पाण्याला नव्हे,” मी म्हटलं, “माणसाला.”

“मानसाला घर हाय की.”

“हे अंघोळीपुरतं.”

“म्हंजे अंग भिजू ने म्हणून घर, आणि भिजाय पण घर?” लाडू गावकाराने मान हलवली. वादात तो हरला नव्हता, मीच थोडा हरलो होतो. पण बायको येणार आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा पालटला. “आदीच सांगायचं न्हाई व्हय,” तो म्हणाला आणि लगेच पावलांनी जागा मापायला लागला.

त्याचं म्हणणं दार उगवतीला असावं. परशूचं म्हणणं उगवतीला दार केलं तर वारं सरळ आत येतंय. गिरजा म्हणाली पाणी केळीच्या बुडात सोडा. काशीआजी, म्हणजे गावातली सगळ्यांत म्हातारी बाई आणि सगळ्यांत मोठा आवाज, म्हणाली की फणसाखाली बांधाल तर एक दिवस मास्तरीण अंघोळीला बसेल आणि वरून फणस येईल. मी म्हटलं, फणस छपरावर पडेल. ती म्हणाली, “मग छप्पर मास्तरणीवर पडंल.” शेवटी देवाला कौल लावला. देवाच्या अंगावर फुलं चिकटवून एकेक जागा विचारली, आणि देवाने जी जागा दिली ती नेमकी परशूच्या मनातली निघाली. परशू देवाच्या फार जवळ उभा होता, एवढंच मी म्हणेन.

न्हाणीचा आकारही असाच वाढत गेला. मला एका माणसापुरती हवी होती. लाडू गावकार म्हणाला, एवढीशी काय बांधता, लोक म्हणतील मास्तराला माणसं मिळाली नाहीत. गिरजा म्हणाली, एका बाजूला लाकडं ठेवायला जागा हवी. परशू म्हणाला, पावसात एखादं जनावर आत उभं राहील एवढी तरी हवी. सगळ्यांचं ऐकून आखणी झाली तेव्हा माझी न्हाणी शाळेपेक्षा वीतभरच कमी भरत होती, आणि तीही माझ्या विनंतीवरून.

आता लाकूड. आमच्या भागात दात कोरायची काडीसुद्धा जंगलखात्याला विचारून तोडायची. गार्ड होता वासू, कारवारकडचा, स्वभावाने मऊ आणि साहेबाला भिणारा. तो म्हणाला, “मास्तर, लाकूड मिळतं ते घराला, गोठ्याला, नांगराला आणि चितेला. न्हाणी यात कुठे बसत नाही हो.”

“घरात बसवा.”

“घर तुमचं सरकारी. सरकारी घराला लाकूड सरकारनेच मागितलं पाहिजे. सरकार सरकारकडे मागणार, सरकार सरकारला विचारणार. तुमची मुलं न्हाणीत न्हायला लागतील तोवर.” त्याने थोडा विचार केला. “मी तुमची न्हाणी गोठ्यात बसवतो.”

मी सुशिक्षित माणूस. खोटं बोलू नये हे मी रोज फळ्यावर लिहीत असे. पण त्या वेळी गव्याचा तो सुस्कारा मला आठवला आणि मी मान डोलावली. गणपती उठल्यावर माझा गोठा मंजूर झाला.

मी परशूला म्हटलं, “चार माणसं बघ.” दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तो परसात सगळा गाव. कुणाच्या खांद्यावर खांब, कुणाच्या डोक्यावर कारवीचा भारा, कुणी गवत आणलेलं, बायकांनी शेण आणि माती कालवायला घेतलेली. ओढ्यातली एक मोठी सपाट धोंड दोर लावून ओढत आणली, न्हाणीतल्या दगडासाठी. ती ओढताना म्हणायचं गाणं बायकांनी म्हटलं. दिवस मावळला तेव्हा कुडाच्या भिंती उभ्या होत्या आणि छपराचा शेवटचा पेंढा बसत होता. कुणी मजुरीचं नाव काढलं नाही.

माझा ऊर भरून आला. विद्येला अजून जगात मान आहे, असं मला वाटलं. मी सगळ्यांना गूळपोहे वाटले आणि त्या भरात स्वच्छतेचं महत्त्व या विषयावर थोडं बोललोसुद्धा. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. जाताना लाडू गावकार म्हणाला, “मग मास्तर, दिवाळीनंतर बगू.” मला वाटलं फराळाला येणार. मी म्हटलं, “अवश्य, अवश्य.”

दिवाळी झाली. भात पिवळं झालं. शाळेतली मुलं एकेक करून कापणीला गेली, शेवटी फळा पुसायचं फडकंही कुणीतरी भाकरी बांधायला नेलं. शाळा बंद ठेवायची वरून परवानगी नव्हती, पण वरून येऊन बघणारंही कुणी नव्हतं. अशात एका संध्याकाळी लाडू गावकार दारात आला. “मास्तर, उद्या आमच्याकडं.”

नव्या भाताचं जेवण असणार, असं मी धरून चाललो. धुतलेलं धोतर नेसलो, काळा कोट घातला, रुमाल बांधला आणि उन्हं वर यायच्या आत त्याच्या शेतावर हजर झालो. सगळी मंडळी आधीच वाकलेली होती. लाडू गावकाराने माझ्या हातात विळा दिला. शुभारंभाला शिकलेल्या माणसाचा हात लावून घेत असतील, असं मला वाटलं. मी कोटाची बाही सावरली, एक मूठ भात कापलं, सगळ्यांकडे बघून हसलो आणि विळा परत केला.

लाडू गावकार म्हणाला, “ही एक मूठ झाली. आता हितनं त्या बांदापतूर.”

मी बांधाकडे पाहिलं. बांध फार लांब होता.

“अहो पण मी… मला कशाला…”

“पैरा हाय न्हवं,” तो म्हणाला. त्याला माझं आश्चर्य वाटलं होतं. “तुमच्या न्हाणीला आमी राबलो. आता आमच्या भाताला तुमी.”

तर ही रीत. आज तू माझ्याकडे राब, उद्या मी तुझ्याकडे राबतो. ज्याच्या घरची माणसं तुझ्या कामाला आली त्याच्या घरी तू जायचं. पैशाचा यात संबंध नाही, म्हणून तर सगळा गाव एकमेकांच्या जिवावर उभा. माझ्या न्हाणीला सगळा गाव राबला होता. म्हणजे मी आता सगळ्या गावाकडे जायचं होतं. चार माणसं बघ, असं मी परशूला म्हटलं होतं ते मला तेव्हा आठवलं, आणि आलेल्या चाळीस माणसांकडे बघून माझा ऊर भरून आला होता, तेही आठवलं.

मी कोट काढून बांधावर ठेवला. कापलेल्या भाताचं वर्णन करत नाही. मी कापलं तिथे बुडखे गुडघ्याएवढे उंच राहिले, मी बांधलेल्या पेंढ्या उचलताच सुटल्या आणि दुपारच्या आत मी विळ्याने स्वतःचं बोट कापून घेतलं. गिरजेने त्यावर कसलासा पाला चोळला. संध्याकाळी परशू माझ्या पट्टीत फिरून पुन्हा कापत होता.

“परशू, राहू दे रे,” मी ओशाळून म्हटलं.

“ऱ्हाऊन कसं चालंल? तुमचा वाटा अर्दा ऱ्हायलाय. त्यो मी करायलोय. म्हंजे माझा अर्दा दिस तुमच्याकडं.”

यातला हिशोब मला सावकाश कळला. मी ज्या घरी राबायला जाई तिथलं काम बिघडे. ते निस्तरायला दुसऱ्या घरचा माणूस येई. मग त्याच्या घरी जाणं मला आलंच. एके दिवशी मळणीला मला बैलांमागे लावलं. खुंटाभोवती गोल गोल फिरून मला घेरी आली, मी बैलांच्या उलट दिशेने निघालो आणि बैलही बिचारे बुचकळ्यात पडून थांबले. काशीआजी खळ्याच्या कडेला बसली होती. ती म्हणाली, “मास्तर, तुमी पैरा फेडायलायसा का वाडवायलायसा?”

सगळं खळं हसलं. मीही हसलो, पण आतून मला लागलं होतं. खानापूरच्या बाजारात आमच्या दुकानाला लोक ‘शेटजी’ म्हणून हाक मारत, आणि इथे बैल माझ्यामुळे बुचकळ्यात पडत होते. घरी आल्यावर मी न्हाणीत जाऊन बसे. बायकोसाठी राखून ठेवलेल्या त्या न्हाणीत मी अजून एकदाही अंघोळ केली नव्हती, पण नुसतं त्या दगडावर बसलं की बरं वाटे.

तुळशीचं लग्न झालं. आता ती आज येईल, उद्या येईल म्हणून मी वाटेकडे डोळे लावले. आला मात्र वासू गार्ड, धापा टाकत. “मास्तर, रेंजरसाहेब येताहेत. मंजूर गोठे बघणार आहेत.”

“बघू दे की. उभा आहे.”

“गोठ्यात गुरं नकोत का हो?”

माझ्याकडे गुरं नव्हती. परशूने आपलं रेडकू दिलं. (रेडकाचाही पैरा धरला जातो, हे मला नंतर समजलं.) ते न्हाणीत बांधलं, अनुसयेसाठी आणून ठेवलेल्या हंड्यावर गवत टाकलं आणि ठरलं असं की साहेब दुपारनंतर येतील, तोवर मी काशीआजीचं भात उचलून येतो, तोंड धुतो आणि कोट घालून साहेबांसमोर उभा राहतो.

साहेब दुपारच्या आधीच आले. शेतावर हाक आली तसा मी होतो त्या अवताराने धावलो. कमरेला पंचा, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावरून भारे वाहिल्यामुळे केसांत पेंढा. परसात पोचलो आणि जागच्या जागी थिजलो. न्हाणीसमोर रेंजरसाहेब उभे. शेजारी वासू, घामाघूम. पलीकडे गिरजा. आणि न्हाणीच्या दारात, हातात बोचकं घेऊन, अनुसया.

ती नुकतीच गाडीतून उतरली होती आणि कुणाशी काही न बोलता सरळ न्हाणी बघायला गेली होती. तिने दार उघडलं होतं. आतून रेडकू तिच्याकडे पाहत होतं. मागच्या खेपेला गवा, या खेपेला रेडकू. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण माझं संक्रांतीपर्यंतचं आयुष्य मला तिथेच संपलेलं दिसलं.

“गोठा मोठा आहे,” साहेब आत डोकावत म्हणाले. “पण हा दगड कशाला? आणि हंडा?”

गिरजा पुढे झाली. “साहेब, आमच्यात रेडकाला ऊन पान्यानं न्हाऊ घालत्यात.”

“रोज?”

“मास्तर लई सोच्छतावाले हाईत.”

साहेबांनी मान हलवली. “मास्तर कुठे आहेत?”

मग साहेबांची नजर माझ्यावर पडली. “हा कोण?”

मी मास्तर, असं म्हणावं, तर भर कामाच्या दिवशी शाळा बंद ठेवून मास्तर पंच्यावर चिखलात हिंडतो ही बातमी वरपर्यंत गेली असती. माझ्याकडे बघत वासू चाचरत म्हणाला, “हा… मास्तरांचा गडी.”

“काय रे, मास्तर कुठे गेलेत?”

मी खाली बघत म्हटलं, “शाळंत असत्याल, साहेब.”

“मास्तर कसे आहेत तुझे?”

“लई चांगला मानूस, साहेब,” मी म्हटलं. निदान एवढं तरी खरं सांगायची संधी मिळाली.

साहेब अनुसयेकडे वळले. ती मास्तरीण आहे हे वासूने सांगितल्यावर त्यांनी जरा अदबीने म्हटलं, “बाई, तुमचा गडी काही कामाचा दिसत नाही.”

अनुसयेने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. चिखल, बोटाला बांधलेली चिंधी, केसांतला पेंढा, सगळं पाहिलं. “नवा हाय,” ती म्हणाली. “शिकंल.”

साहेबांची घोडी ओढ्यापलीकडे दिसेनाशी झाली आणि अनुसया हसायला लागली. बोचकं खाली ठेवून, कुडाला टेकून, पदर तोंडाला लावून ती हसली. ती नांदायला आली त्याला वर्ष होऊन गेलं होतं, पण तिला अशी हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. तो आला नाही. असा गडी म्हणून जन्मभर राहायला मी एका पायावर तयार होतो.

संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. ती शेतकऱ्याची मुलगी, पैरा म्हणताच तिने कपाळावर हात मारून घेतला. “सगळ्या गावाचा पैरा अंगावर घेतलासा? एका न्हाणीपायी?”

“तुझ्यासाठी,” मी म्हटलं. तिने माझं कापलेलं बोट दिव्याजवळ धरून नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी निघालो तर ती कासोटा घालून, विळा घेऊन माझ्या पुढे. मी म्हटलं, “अगं, मास्तरीणबाई शेतात? लोक काय म्हणतील?” ती म्हणाली, “न्हाणी माझी हाय, तर पैरा कुणाचा?” आणि तिने जे भात कापायला घेतलं ते बघत मी उभाच राहिलो. मागून लाडू गावकाराने मला आठवण करून दिली की उभं राहण्याचा पैरा नसतो.

शेतावरून आल्यावर तिने चुला पेटवला, हंड्यात पाणी कढवलं आणि दार लावून मनसोक्त अंघोळ केली. मी बाहेर बसून पाण्याचा आवाज ऐकत होतो. मग तिने गिरजेला हाक मारली. गिरजा लाजली, आत गेली आणि कितीतरी वेळ बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी गिरजेने दोघींना आणलं. तिसऱ्या दिवशी काशीआजी काठी टेकत आली. ती आतून बाहेर आली तेव्हा अंगावर वाफ होती आणि आवाज पहिल्यांदाच हळू होता. “पोरी,” ती अनुसयेला म्हणाली, “जल्मात आज पयल्यांदा पाठीला वारं लागलं न्हाई.” अनुसयेने तिचे पांढरे केस पुसून दिले. त्यानंतर रोज संध्याकाळी माझ्या परसात बायकांची रांग लागे. मला आत कधी नंबर मिळाला नाही. मी आपला ओढ्यावर जात असे.

दिवस सरत गेले. अनुसयेच्या हाताने पैरा भराभर फिटत चालला आणि माझा जीव खालीवर होऊ लागला. पूर्वी पैरा कधी फिटेल म्हणून मी झुरत होतो. आता वाटे, फिटला की काय उरलं? न्हाणी मिळाली, कापणी संपली, संक्रांत तोंडावर आली. तिला इथे धरून ठेवणारं दुसरं काय होतं? एक मी होतो. पण माझ्यावर फार भिस्त ठेवावी असं मला वाटत नव्हतं. राहशील का, असं तिला विचारायचं रोज मनात यायचं आणि रोज ओठांपर्यंत येऊन परत जायचं. मुलांना मी इतके प्रश्न विचारत असे, हा एक काही विचारता आला नाही.

शेवटचा पैरा काशीआजीचा. तो फिटला त्या दिवशी मी एकटाच घरी आलो. बायका कुठेतरी मागे घोळका करून बोलत होत्या. मी लवकर झोपलो.

संक्रांतीला पुंडलिकराव गाडी घेऊन आले. धिप्पाड माणूस, पांढऱ्या मिशा. त्यांनी न्हाणी आतून बाहेरून पाहिली, कुडावर हात आपटला, दगडावर पाय घासला. “बरी हाय,” म्हणाले. जावयाबद्दल त्यांनी मत दिलं नाही. मग ओसरीवर बसून त्यांनी अनुसयेला हाक मारली. “पोरी, बोल. ऱ्हातीस का येतीस? आई वाट बगायलीया. तुझं मन न्हाई म्हनालं तर बोचकं बांद.”

मी खांबाआड उभा होतो. परशू, गिरजा, लाडू गावकार, काशीआजी, सगळी कशी कोण जाणे तिथे जमली होती. बैल गाडीला तसेच जुंपलेले होते.

अनुसया पदर सारखा करत म्हणाली, “कशी येऊ, बाबा? परवाच सगळ्या बायकांना बोलवून परड्यात वाफे घालून घेतलंय. कोनाचं कंद लावल्यात, मिरच्या लावल्यात. कुंपण पण त्यांनीच घातलंय. पैरा अंगावर हाय.”

मी परसाकडे पाहिलं. न्हाणीचं पाणी जिथे वाहत जाई तिथे खरंच वाफे होते. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. पैरा फिटू लागला तसा तिने नवा घेऊन ठेवला होता, आणि जाणूनबुजून, चांगला गावभर.

पुंडलिकराव जन्माचे शेतकरी. अंगावर पैरा ठेवून गाव सोडणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांचे डोळे थोडे ओले झाले आणि ते हसले. “खरं हाय. फेडल्याबिगर कसं यायचं,” ते म्हणाले. “कदी फिटंल म्हंतीस?”

अनुसया काही बोलायच्या आत काशीआजी म्हणाली, “मास्तर हात लावायला असत्याल तर ह्या जल्मात न्हाई.”

सगळी ओसरी हसली. सासऱ्यांसमोर माझा एवढा अपमान कधी झाला नव्हता, आणि इतका आनंदही मला कधी झाला नव्हता. अनुसयेने खांबाआड माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली. मला काहीतरी करणं भाग होतं, नाहीतर मी सगळ्यांदेखत रडलो असतो. मी लगबगीने पुढे झालो आणि गाडीचे बैल सोडायला गेलो. तेही मी उलटेच सोडले, असं लाडू गावकाराचं म्हणणं आहे.